तिसऱ्या मजल्यावरचा ऑस्कर

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या सगळ्यांत लहान राज्याची राजधानी प्रॉव्हिडन्स. तिथल्या ‘स्टीअर हाउस’ या वृद्धसेवा केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर २००५ साली कर्मचाऱ्यांनी मांजराचं एक पिल्लू आणून ठेवलं. पांढरा-करडा, पट्ट्यापट्ट्यांचा बोका. नाव ऑस्कर. मांजर ठेवण्यात नवल काहीच नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून प्राणी पाळायची तिथे रीतच होती आणि २००७ च्या सुमारास केंद्रात एकूण सहा मांजरं होती. बाकीची पाच आज कोणाच्या खिजगणतीतही नाहीत. ऑस्करची बातमी मात्र जगभर गेली.

त्याला कारण झाला २६ जुलै २००७ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला एक छोटा लेख. लिहिणारे डॉ. डेव्हिड डोसा हे वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर, ब्राउन विद्यापीठाशी संबंधित आणि याच केंद्रात रुग्ण तपासायला येणारे. त्यांचं म्हणणं असं: तिसऱ्या मजल्यावरचा एखादा रुग्ण जायच्या बेतात असला की ऑस्कर त्याच्या खोलीत जातो, पलंगावर चढतो आणि अंगाला अंग लावून बसून राहतो. तोवर अशा पंचवीसहून जास्त मृत्यूंच्या वेळी तो उशाशी होता. तो बसलेला दिसला की कर्मचारी घरच्यांना फोन लावतात.

वर्तमानपत्रांनी काय केलं असेल ते सांगायला नकोच. मृत्यू ओळखणारा बोका, यमाचा दूत वगैरे. पण हे सगळं वाचताना एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. हा लेख म्हणजे संशोधन नव्हतं. डॉक्टरांच्या अनुभवांसाठी आणि मतांसाठी त्या नियतकालिकात वेगळी पानं असतात, तिथे तो छापून आला होता. आणि तो लिहिलाय बोक्याच्या मागे मागे फिरत, जवळजवळ त्याच्याच नजरेतून, ललित अंगाने. नियतकालिकाच्या दबदब्यामुळे ‘डॉक्टरांनी सिद्ध केलं’ अशी समजूत पसरली. सिद्ध काहीच केलेलं नव्हतं, तसा त्या लेखाचा दावाही नव्हता.

तरीही हे प्रकरण बाजूला टाकावं असं मला वाटत नाही. फक्त ‘बोक्याला कळत होतं का?’ हा जो प्रश्न सगळे विचारतात, तो मला त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो.

मजला आणि तिथली माणसं

तिसरा मजला म्हणजे ४१ खाटांचा विभाग. डिमेन्शिया बळावलेले, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण तिथे असतात. यातल्या कित्येकांना पोटची मुलं ओळखू येत नाहीत, बोलणं थांबलेलं असतं, घास तोंडात तसाच राहतो. घरात असं माणूस सांभाळलेल्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

या आजाराची एक अडचण अशी की शेवट कधी येणार ते सांगता येत नाही. कर्करोगात उतरण लागली की डॉक्टर बऱ्यापैकी अंदाज देतात. डिमेन्शियात माणूस महिनोन्महिने ‘आज-उद्या’वर असतो. बोस्टन परिसरातल्या २२ केंद्रांमधल्या ३२३ रुग्णांचा दीड वर्ष मागोवा घेणारा एक अभ्यास २००९ साली याच नियतकालिकात आला. त्या दीड वर्षात जवळजवळ ५५ टक्के रुग्ण दगावले. सुमारे ८६ टक्क्यांना खाण्या-गिळण्याचा त्रास सुरू झाला, निम्म्याहून जास्त लोकांना ताप येऊन गेला, ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. थोडक्यात, माणूस तापाने फणफणतो, घरचे धावत येतात, ताप उतरतो, घरचे परत जातात. असं दोन-तीनदा झालं की चौथ्या फोनला कोणी तितक्या घाईने निघत नाही. आणि नेमकं तेव्हाच माणूस जातं.

या अभ्यासाच्या लेखकांत डॉ. जोन टेनो यांचंही नाव आहे. त्यांची इथे दखल घ्यायचं कारण म्हणजे त्याही तेव्हा ब्राउन विद्यापीठात होत्या, स्टीअर हाउसमध्ये रुग्ण बघत होत्या आणि माणसाचे शेवटचे दिवस कसे जातात हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. ऑस्करबद्दल डोसांच्या जोडीने पत्रकारांशी बोलल्या त्या याच.

बोक्याचा स्वभाव

प्राणी रुग्णांना कसा धीर देतात यावर लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर लाडिक, मांडीवर येऊन घुरघुरणारं मांजर असतं. ऑस्कर तसा अजिबात नव्हता. फारसं कोणाला जवळ येऊ देत नसे. डोसांच्या लेखात सुरुवातीलाच प्रसंग आहे: एक आजीबाई वॉकर घेऊन कॉरिडॉरमधून चालल्या आहेत आणि हे महाराज त्यांच्यावर फिस्कारतात. धडधाकट, हिंडत्या-फिरत्या माणसाशी त्याचं नातं एवढंच.

त्याच लेखात तो आधी ३१० नंबरच्या खोलीत जातो. दार बंद, म्हणून बाहेर बसून राहतो. पंचवीस मिनिटांनी मळक्या चादरी घेऊन एक आया बाहेर पडते, तसा हा आत. खोलीत स्तनाच्या कर्करोगाने खंगलेल्या एक बाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या आहेत, मुलगी शेजारी कादंबरी वाचत बसली आहे. ऑस्कर पलंगावर उडी मारतो, बाईंना न्याहाळतो, हवेत नाक फिरवतो आणि उतरून चालू लागतो.

मग ३१३ नंबर. दार उघडं. तिथल्या बाईंभोवती नातवंडांचे फोटो मांडलेले, एक लग्नातला फोटोही आहे, पण खोलीत माणूस कोणी नाही. इथे तो वास घेतो, दोनदा स्वतःभोवती गोल फिरतो आणि बाईंना बिलगून अंगाचं वेटोळं करतो. तासाभराने नर्स येते. बोक्याला पाहून थबकते, लगबगीने टेबलाकडे जाते, फाइल काढते, फोन सुरू करते. अर्ध्या तासात नातेवाईक जमू लागतात. खुर्च्या आणल्या जातात, अंतिम विधीसाठी पाद्रींना बोलावणं जातं. लहानगा नातू आईला विचारतो, हे मांजर इथे काय करतंय? आई डोळे पुसत सांगते, आजीला स्वर्गात पोचवायला आलंय. आणखी अर्ध्या तासाने आजी जाते. बोका उठतो, इकडेतिकडे बघतो आणि निघून जातो.

यात लेखकाने रंग भरला असणारच. पण एक तपशील मला या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो: बोका पलंगावर बसला तेव्हा त्या बाई एकट्या होत्या, आणि तासाभराने नर्सने फोन उचलल्यावर त्या एकट्या राहिल्या नाहीत.

कळायचं तरी कसं?

तरीही प्रश्न टाळता येत नाही, म्हणून उत्तरं बघू. टेनो आणि डोसा दोघांचाही कल वासाकडे होता. माणूस खाणंपिणं सोडतं तेव्हा शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि श्वासाला एक गोडसर वास येतो. पेशी मरू लागल्या की आणखीही रसायनं सुटतात. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कित्येक पटींनी तिखट, शिवाय टाळूपाशी गंधद्रव्यं टिपणारं जेकबसनचं इंद्रिय वेगळंच. मांजर कधी कधी ओठ वर ओढून, तोंड अर्धवट उघडं ठेवून बधिरासारखं बघत राहतं ना, ते त्याच इंद्रियाचं काम. तेव्हा वास येत असणं अशक्य नाही. पण ऑस्करच्या बाबतीत हे कोणी तपासून पाहिलेलं नाही.

दुसरं कारण ऊब, आणि मला ते जास्त पटतं. मांजराला जे तापमान सुखाचं वाटतं ते ३० ते ३८ अंश सेल्सियसच्या दरम्यानचं. आपल्याला बावीस-चोवीस अंशांची खोली छान वाटते, मांजराला तिथे गारवा लागतो. म्हणून ते फ्रिजच्या मागे, लॅपटॉपवर, धुऊन सुकलेल्या गरम कपड्यांच्या ढिगात सापडतं. अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णाचे हातपाय गार पडू लागले की त्याला जादा पांघरुणं देतात, तिकडे गरम केलेली ब्लँकेटंही घालतात. असा पलंग म्हणजे मांजराला आयतीच चूल.

तिसरं, हालचाल. डिमेन्शियाचे रुग्ण स्वस्थ नसतात. येरझाऱ्या घालतात, ओरडतात, दिसेल ते घट्ट पकडतात. ज्या बोक्याला कोणी हात लावलेला खपत नाही, तो यातला कोणता पलंग निवडेल? ज्यावरचं माणूस हलत नाही, तो. जाण्याआधीच्या तासांमध्ये रुग्ण निपचित पडतो, खोलीतला आवाज कमी होतो, दिवे मंद करतात. ऑस्करचा तुसडेपणा हीच त्याच्या भाकिताची गुरुकिल्ली असू शकेल. हा माझा तर्क, पण त्याच्या स्वभावाशी जुळतो.

आपल्या घरातल्या मांजरांनाही यातलं बरंच लागू पडतं. एरवी ढुंकून न बघणारी मनी आपण आजारी पडलो की पायाशी येऊन झोपते, हे पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिलेलं असतं. ताप चढलाय, दिवसभर अंथरुणात आहोत, हलत नाही, ऑफिसलाही गेलो नाही. मांजराच्या दृष्टीने याहून चांगला दिवस कोणता? ‘कुत्रं माणसाला धरून, मांजर घराला धरून’ असं आपल्याकडे म्हणतात. आजारपणात माणूसच घरातली सगळ्यांत उबदार जागा होऊन बसतो. याने आपल्याला वाटणारा दिलासा खोटा ठरत नाही. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांवर केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळल्यावर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं होतं. मांजर कशासाठी आलं आणि आपल्याला त्याने काय मिळालं, हे दोन हिशेब वेगळे ठेवले म्हणजे झालं.

न ठेवलेली वही

आता शंकेखोराची बाजू. ऑस्कर पलंगावर बसला आणि माणूस गेलं, हे सर्वांच्या लक्षात राहतं. बसला आणि माणूस गेलं नाही? मांजर दिवसातले बारा-पंधरा तास झोपा काढतं, त्यातली कोणती झोप ‘जागरण’ आणि कोणती नुसतीच डुलकी हे माणूस गेल्यावर मागाहून ठरतं. तो आला नाही आणि तरी माणूस गेलं, असं किती वेळा? आला नाही आणि माणूसही नीट राहिलं, असं किती वेळा? हे चारही आकडे समोर असतील तरच ‘ओळखतो’ असं म्हणता येईल. आपल्यापुढे फक्त पहिला आला: २००७ पर्यंत पंचवीसहून जास्त, २०१० पर्यंत पन्नासच्या आसपास आणि पुढे शंभराच्या घरात. आकडा कितीही फुगला तरी बाकीचे तीन रकाने रिकामेच.

याच्या विरोधात सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही ऐकण्यासारख्या आहेत. टेनोंच्या एका रुग्णाने खाणं सोडलं होतं, श्वास लागला होता, पाय निळसर पडू लागले होते. डॉक्टरांच्या हिशेबाने वेळ आलीच होती. ऑस्कर मात्र खोलीत थांबेना. टेनोंना वाटलं, चुकला एकदाचा. पण त्या बाई त्यानंतर दहा तासांनी गेल्या, आणि शेवटचे दोन तास ऑस्कर त्यांच्या उशाशी होता, असं नर्सेसनी सांगितलं. दुसऱ्या वेळी कर्मचाऱ्यांनी एका रुग्णाचा शेवट जवळ आला असं समजून ऑस्करला उचलून त्याच्या पलंगावर ठेवलं. तो तडक पळाला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसला. तिथला रुग्ण त्याच संध्याकाळी गेला, पहिला आणखी दोन दिवस होता.

प्रसंग चोख आहेत. पण ते इतक्या वेळा सांगितले जातात ते चोख आहेत म्हणूनच. ज्या दिवशी बोका भलत्याच पलंगावर झोपला आणि काहीच घडलं नाही, त्या दिवसाचा प्रसंग बनत नाही.

दिलासा कोणाला?

३१३ मधल्या बाईंना बोका बसल्याचं कळलं असेल का? बहुधा नाही, किंवा फार तर अंगाला काही ऊबदार टेकल्याचं जाणवलं असेल. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात याहून जास्त गृहीत धरणं म्हणजे आपल्या मनातलं त्यांच्यावर लादणं. दिलासा मिळाला तो लेकीला, नातवाला, आणि माझ्या मते नर्सलाही. गावाहून यायला उशीर झालेल्या मुलाला ‘आई एकटी नव्हती, ऑस्कर होता’ असं सांगता आलं, तर त्या वाक्याची किंमत ज्याने असा उशीर सोसलाय त्यालाच कळेल. डोसांनी पुढे या कुटुंबांशी सविस्तर बोलून २०१० साली पुस्तक केलं. सुरुवातीला त्यांनाही या सगळ्यावर विश्वास ठेवणं जड गेलं होतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. दहाव्याला घाटावर पिंड ठेवून आपण कावळ्याची वाट बघतो. तो शिवेना की कोणीतरी पुढे होऊन हात जोडतं, ‘धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नका’ असं मोठ्याने बोलतं. भावकीतली अडलेली गोष्ट तिथे चारचौघांत कबूल होते. कावळ्याला यातलं काही कळतं असं मानणारे मानतात, न मानणारे भूक आणि गर्दी यांचा हिशेब मांडतात. पण शब्द दिला गेला, तो माणसांनी माणसांसमोर. ऑस्करच्या बाबतीतही तसंच काहीसं झालं. ‘आता या’ हे सांगणं नर्सला फार अवघड असतं. डॉक्टरांनी ठाम काही म्हटलेलं नसतं, उगाच बोलावलं तर घरचे वैतागतात, नाही बोलावलं तर जन्मभर बोल लावतात. बोक्याने ती कोंडी फोडली. ‘ऑस्कर येऊन बसलाय’ एवढं म्हटलं की पलीकडच्या माणसाला सगळं समजायचं.

सगळ्यांना तो हवासा होता असंही नाही. एखाद्या कुटुंबाला ते मांजर डोळ्यांसमोर नको असे आणि त्याला बाहेर काढलं जाई. मग तो दाराबाहेर फेऱ्या मारत म्याव म्याव करून नाराजी कळवत राही. आपल्याकडे तर ‘मांजर आडवं गेलं’ म्हणून दोन पावलं मागे येणारी माणसं आहेत, रात्री मांजर रडलं तर त्याला हुसकायला उठणारी आहेत. आजोबांच्या पलंगावर असा बोका चढलेला चाललं असतं का, हे प्रत्येक घराने ठरवायचं. एका स्थानिक संस्थेने मात्र ऑस्करच्या सेवेबद्दल गौरवाची पाटी दिली आणि ती त्या मजल्यावर भिंतीला लागली. थोडक्या आजारानंतर २२ फेब्रुवारी २०२२ रोजी तो गेला, वयाच्या सतराव्या वर्षी.

आपल्याकडे कोणी ठेवायचं म्हटलं तर

वृद्धाश्रमात किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी मांजर ठेवायला हरकत नाही. रेबीजची लस वेळच्या वेळी हवी, नखं कापलेली हवीत. ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, उदाहरणार्थ केमो चालू असलेला रुग्ण, त्याने मांजराच्या शीचा ट्रे साफ करायचा नाही. तो दुसऱ्याने, आणि रोज करायचा, कारण टॉक्सोप्लाझ्मा या मांजराच्या शीतून पसरणाऱ्या परजीवीची अंडी बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस घेतात. म्हाताऱ्या माणसाची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते, साधा ओरखडाही चिघळतो, तेव्हा चावलं-बोचकारलं तर लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आणि संस्थेने एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या पलंगावर मांजर किती वेळ होतं, आणि पुढे काय झालं, काहीच झालं नाही तर तेही. स्टीअर हाउसमध्ये अशी वही असती तर आज वाद राहिला नसता. पण घरच्यांना बोलावण्याचा निर्णय त्या वहीवर सोडू नये. श्वास बदलला, गिळणं थांबलं, हातपाय गार पडले, घरघर लागली, ही लक्षणं नर्सला दिसतातच. टेनोंच्या त्या रुग्णाच्या वेळी बोका खोलीबाहेर होता म्हणून फोन थांबवला असता, तर लांबून येणाऱ्या मुलाच्या हाती दहाऐवजी दोनच तास उरले असते.